शंकरपट भरवणाऱ्या यात्रा कमिटीने वर्षाकाठी कुणाला काय हिशेब द्यायचा?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या यात्रा कमिटीच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न असा: कमिटी धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे. चैत्रातल्या यात्रेत गेली दोन वर्षं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरवतात, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून रीतसर घेतात. वर्गणी, जोड्यांची प्रवेश फी आणि पाहुण्यांनी जाहीर केलेली बक्षिसं धरली तर उलाढाल काही लाखांवर गेली आहे. पण दोन वर्षांत कुठल्याच कार्यालयात काहीच दाखल केलेलं नाही. आता गावातल्या तरुण मंडळींचं म्हणणं, ‘मुंबईला रेसकोर्सवर सरकारमान्य बेटिंग चालतं, ते क्लबवाले वर्षाला रिपोर्ट छापतात की सगळं कायदेशीर. आपण बी तसंच करू.’ तेव्हा वर्षाला नेमकं काय द्यावं लागतं आणि बेटिंग हिशेबात दाखवलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी मराठवाड्यातल्या देवस्थानांचं, संस्थांचं आणि यात्रा कमिट्यांचं लेखापरीक्षण करतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचा प्रश्न फॉर्म कोणते भरायचे असा दिसतो, पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. एका शंकरपटात तीन वेगळ्या नात्यांनी तुम्ही उत्तरदायी होता. लोकांचे पैसे घेतले म्हणून धर्मादाय कार्यालयाला. जनावरं पळवायची परवानगी घेतली म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना. उत्पन्न झालं म्हणून आयकर खात्याला. ही तीन उत्तरं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तहसीलमध्ये अहवाल दिला म्हणजे धर्मादायचं काम झालं, असं मानणाऱ्या कमिट्या मला दर हंगामात भेटतात.

आधी बेटिंगचा विषय मिटवू, कारण तो मिटल्याशिवाय बाकीचं डोक्यात नीट बसणार नाही.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैज लावता येते ती क्लब रिपोर्ट छापतो म्हणून नव्हे. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या व्याख्येतच एक अपवाद ठेवलेला आहे: परवानाधारक रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, त्यासाठी राखलेल्या आवारात किंवा शासनाने मान्य केलेल्या जागी घोड्यांच्या शर्यतीवर लावलेली पैज. त्या रेसकोर्सचा परवाना १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालचा असतो. वर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. या दोन आधारांवर तो सगळा डोलारा उभा आहे. करार कायद्याच्या कलम ३० मध्येसुद्धा पैजेचे करार रद्दबातल ठरवताना एकच सूट ठेवली आहे, ती ५०० रुपये किंवा त्यावरच्या बक्षिसासाठी गोळा केलेल्या वर्गणीला, आणि तीही फक्त घोड्यांच्या शर्यतीच्या.

बैल यातल्या कुठल्याच ओळीत नाही. शंकरपटावर लावलेली पैज हा सरळ जुगार होतो. पेपरात रोज वाचता ना, ‘कलम १२ अ प्रमाणे गुन्हा दाखल’, तोच हा कायदा. हिशेबात दाखवून पैज पांढरी होत नाही, उलट तुम्ही स्वतःच्या सहीने पुरावा तयार करून देता. कमिटीच्या वहीत पैजेचा रुपया येताच कामा नये. मैदानात खासगीत दोघांनी काय लावलं त्याला कमिटी जबाबदार आहे का, हे परिस्थितीवर ठरतं. पण माईकवरून ‘अमक्या जोडीवर इतके’ असं पुकारलं गेलं, किंवा घड्याळाच्या टेबलाजवळ पैसे जमा झाले, तर कमिटीला तिऱ्हाईताच्या भूमिकेत राहता येईल असं मला वाटत नाही. पुकारणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

तरुणांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. रेसिंगवाल्या संस्था जशा वर्षाचा हिशेब लोकांपुढे मांडतात, तसा आपणही मांडावा. फक्त त्या काय मांडतात ते नीट बघा. मुंबईचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब कंपनी कायद्याखाली नोंदलेला आहे. म्हणजे मार्चअखेर ताळेबंद, सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा, सभेनंतर ३० दिवसांत वित्तीय पत्रकं आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे, ही सर्वसाधारण कंपनीची चाकोरी त्यालाही आहे. शिवाय पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी: आधी २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जिंकणाऱ्याची रक्कम १०,००० रुपयांवर गेली की ३० टक्के कर कापून भरायचा. एवढं ओझं वाहून तो क्लब चालतो. ‘आपण बी तसंच करू’ म्हणणाऱ्यांना हे आकडे ऐकवा.

इंग्लंडमध्ये याहून वेगळी तऱ्हा आहे. तिथे १९६१ पासून एक सार्वजनिक मंडळच आहे, हॉर्सरेस बेटिंग लेव्ही बोर्ड. बुकींच्या ब्रिटिश घोडेशर्यतीवरच्या ढोबळ नफ्यातून, पहिले ५ लाख पौंड सोडून, १० टक्के लेव्ही ते गोळा करतं. कायद्याने त्याला खर्चाची तीनच कारणं नेमून दिली आहेत: घोड्यांच्या जातींची सुधारणा, पशुवैद्यकशास्त्राची प्रगती आणि शर्यतींची सुधारणा. दरवर्षी त्याचा लेखापरीक्षित हिशेब आणि अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. या अहवालाची मांडणी मला आवडते. पैसा कुणाकडून किती आला, या तीन कामांपैकी कशावर गेला आणि उरला तो कुठे ठेवलाय, एवढं वाचणाऱ्याला कळतं. आपल्या कमिट्यांच्या परवानगी अर्जात ‘देशी गोवंशाचे संवर्धन’ हे शब्द हमखास असतात. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्याच मातीतली जनावरं. मग त्यावर वर्षात किती खर्च झाला, असं ग्रामसभेत कुणी विचारलं तर सांगायला एक आकडा तरी हवा की नको?

आता तुमच्या कागदांकडे येतो. पहिलं ठरवायचं ते हे की शंकरपट भरवला कुणी. इथे गावागणिक परिस्थिती बदलते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रेत आयोजन जिल्हा परिषदेकडे असतं. तिथला खर्च सरकारी लेखापरीक्षणात जातो, खासगी सनदी लेखापालाचा त्यात संबंध नाही. काही गावांत ग्रामपंचायत जागेची फी घेते, ती ग्रामनिधीत जमा व्हायला हवी, कमिटीच्या वहीत नव्हे. काही ठिकाणी कमिटी नोंदलेलीच नसते. अशांनी वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१क ची तात्पुरती परवानगी घ्यायची आणि कार्यक्रम झाल्यावर त्याच कार्यालयाला हिशेब द्यायचा. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. आणि काही ठिकाणी, हे सगळ्यात जास्त आढळतं, संस्था नोंदलेली असते पण जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज अध्यक्षाच्या व्यक्तिगत नावाने असतो.

तुमचं बहुधा हे शेवटचं आहे. तसं असेल तर हिशेबाचा पहिला दोष तिथेच. परवानगी अध्यक्षांच्या नावावर, अनामत त्यांच्या खात्यातून, पावत्या मात्र संस्थेच्या. उद्या एखादं जनावर जखमी झालं, तर जबाबदारी कुणाची हा वाद उभा राहील तेव्हा हीच कागदं समोर येतील. पुढच्या वर्षी अर्ज संस्थेच्या नावाने, कार्यकारिणीच्या ठरावासह करा. आणि ठरावाआधी संस्थेची घटना काढून उद्देश वाचा. ‘यात्रा-उत्सव साजरे करणे’ किंवा ‘पशुसंवर्धनास उत्तेजन देणे’ असं काही त्यात असेल तर बरं. नुसतं ‘मंदिराचा जीर्णोद्धार’ असेल तर शर्यतीचा खर्च उद्देशाबाहेरचा ठरू शकतो. मग घटनादुरुस्ती आधी, पट नंतर.

जिल्हाधिकाऱ्यांकडचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून आटोपतं घेतो. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने तात्पुरती मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे आजची शर्यत अटींवर उभी आहे: ५०,००० रुपयांची अनामत, धावपट्टी १,००० मीटरच्या आत, पशुवैद्यकाचा दाखला, धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) हातात काठी-चाबूक नाही, सगळ्याचं चित्रीकरण. अट मोडली तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शर्यत संपल्यावर चित्रीकरण आणि अहवाल द्यायचा असतो, त्याची मुदत परवानगीच्या आदेशात लिहिलेली असते. तो आदेश फ्रेम करून ठेवू नका, वाचा. अहवाल दिल्याची पोच घ्या आणि अनामत परत मिळेपर्यंत ती रक्कम ताळेबंदात येणं म्हणून दाखवा. कमिट्या ती खर्चात टाकून मोकळ्या होतात, आणि परत आल्यावर ती कुणाच्या खिशात गेली हे गावात कुणालाच ठाऊक नसतं.

धर्मादाय कार्यालयाकडे मात्र वेळ द्यावा लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० प्रमाणे ढोबळ चक्र असं चालतं. वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. ३१ मार्चला वह्या बंद. तिथून सहा महिन्यांत लेखापरीक्षण. त्यात अनुसूची आठमध्ये ताळेबंद, नऊमध्ये उत्पन्न-खर्च आणि नऊ-क मध्ये अंशदानास पात्र उत्पन्नाचं पत्रक. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, जमीन घेतली, तर ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज. हा बदल अर्ज सगळ्यात जास्त राहतो. गावात निवडणूक होते, नवे लोक हार घालून बसतात आणि परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर मात्र वारलेल्या अध्यक्षाचं नाव तसंच. मग बँक सही मानत नाही, आणि कमिटी म्हणते, बँकवालेच त्रास देतात.

लेखापरीक्षक फक्त बेरजा तपासत नाही. नियम १९ मध्ये त्याला काही ठराविक प्रश्न दिलेले आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर लिहावंच लागतं. हिशेब नियमित ठेवले का. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड आणि वही जुळली का. इतिवृत्ताची वही आहे का, सभा नियमित झाल्या का. विश्वस्तांची संख्या घटनेतल्या किमान-कमाल मर्यादेत आहे का. ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का. पैसे कलम ३५ सोडून दुसरीकडे गुंतवले का. आणि कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का.

शंकरपटवाल्या कमिट्या नेमक्या या शेवटच्या प्रश्नावर अडकतात. ऐन वेळी वर्गणी कमी पडते, अध्यक्ष किंवा एखादा पुढारी म्हणतो, ‘घ्या माझे दोन लाख, यात्रा झाली की बघू.’ भावना चांगली असते. पण त्या क्षणी विश्वस्त संस्थेचा घेणेकरी झाला. शिवाय कलम ३६अ प्रमाणे संस्थेसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पाहुण्याने दिलं तर देणगी, विश्वस्ताने परत मिळण्याच्या बोलीवर दिलं तर कर्ज. वर्षअखेरीला त्याला काय म्हणायचं हे तुमच्या सोयीने ठरत नाही, देतानाच ठरतं. म्हणून मी कमिट्यांना सांगतो की पहिल्या क्रमांकाचं बक्षीस हातात जमलेल्या पैशाएवढंच जाहीर करा. मोटारसायकलीचं पोस्टर आधी आणि पैशाची शोधाशोध मागून, हे चक्र दर वर्षी कुणा ना कुणा अध्यक्षाला कर्जदात्याच्या खुर्चीत बसवतं.

कलम ३५ बद्दल एवढंच की शिल्लक शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात, किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवा. पतसंस्था आणि मल्टिस्टेट जास्त व्याज देतात म्हणून देवाचे पैसे तिथे ठेवणाऱ्यांचं काय झालं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. ठेव बुडाली नाही तरी अहवालात शेरा येतोच.

आता चैत्राच्या यात्रेची खास अडचण सांगतो, कारण ती बाहेरच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. गुढीपाडव्यापासून हनुमान जयंतीपर्यंतच्या यात्रा ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पडतात. वर्गणी फाल्गुनात गोळा होते, पट एप्रिलमध्ये होतो. समजा मार्चअखेर ४ लाख रुपये वर्गणी जमली आणि मंडप-माईकच्या उचलीवर ६०,००० गेले. राहिलेले ३ लाख ४० हजार एप्रिलमध्ये खर्च झाले. गावाच्या दृष्टीने एकच यात्रा. हिशेबात मात्र दोन आर्थिक वर्षं. पहिल्या वर्षी उत्पन्न भरपूर आणि खर्च नगण्य दिसतो, दुसऱ्या वर्षी उलटं.

धर्मादायच्या ताळेबंदात हे फारसं जड जात नाही. जोड्यांची आगाऊ प्रवेश फी असेल तर ती देणं म्हणून दाखवता येते, यात्रेसाठीच घेतलेली वर्गणी तशीच राखीव म्हणून नोंदता येते, अट एवढीच की पावतीवर तसं छापलेलं हवं. आयकरात मात्र पाय अडकतो. संस्थेची १२एबीची, म्हणजे आयकर सवलतीसाठीची, नोंदणी असेल तर सूट मिळते, पण उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात उद्देशावर खर्च व्हावी लागते. वरच्या उदाहरणात ४ लाखांचे ८५ टक्के म्हणजे ३ लाख ४० हजार, खर्च ६० हजार, तूट २ लाख ८० हजार. ही रक्कम पुढच्या वर्षी वापरणार असल्याचं रीतसर निवेदन विवरणपत्राच्या मुदतीआधी ऑनलाइन द्यावं लागतं. मी ते ऑगस्टअखेर उरकतो. नाही दिलं तर एप्रिलमध्ये बैलांच्या पटावर खर्चून संपलेल्या पैशावर कर लागू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या नोटिशींमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं, कुठला घोटाळा नसतो.

तुमची १२एबीची नोंदणी आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. धर्मादाय नोंदणी आणि आयकराची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली की दुसरी आपोआप होत नाही. नोंदणी नसेल तर ८५ टक्क्यांचा प्रश्न येत नाही, कारण सूटच नाही. नोंदणी असेल आणि सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न त्या वर्षाच्या करमुक्त मर्यादेवर गेलं असेल तर लेखापरीक्षण अहवाल आणि विवरणपत्र दोन्ही लागतात. साधारणपणे अहवाल सप्टेंबरअखेर आणि विवरणपत्र ऑक्टोबरअखेर. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक पाठ असतील तर विसरा. मात्र तुमची राहिलेली वर्षं जुन्या कायद्याखालची असतील तर त्यांना जुनेच फॉर्म.

पावत्यांचं एक पथ्य पाळा. वर्गणी, प्रवेश फी आणि जाहिरातीचे पैसे यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. वर्गणीला बदल्यात काही मिळत नाही. प्रवेश फी भरणाऱ्याला धावपट्टीवर जोडी पळवायला मिळते, आणि बियाणं किंवा ट्रॅक्टर कंपनीचा बॅनर लावून घेतलेले पैसे तर उघड जाहिरातीचे. संस्था धार्मिक नसून सर्वसाधारण लोकोपयोगी कामाची असेल, तर अशा व्यावसायिक स्वरूपाच्या पावत्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेल्या की आयकराची सूट धोक्यात येते. सगळं ‘देणगी’ म्हणून एकाच पुस्तकात फाडलं की हा फरक नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. वर्गणीच्या पावतीवर नाव आणि गाव लिहाच. ‘एक भक्त’ किंवा ‘समस्त गावकरी, वस्ती’ असं लिहिलेल्या रकमा निनावी देणगीत मोजल्या जाऊ शकतात. निव्वळ धार्मिक संस्थेला त्यातून मोकळीक आहे, पण शर्यत भरवणारी संस्था निव्वळ धार्मिक आहे का, यावर मी पैज लावणार नाही.

खर्चाच्या बाजूला, एका माणसाला एका दिवसात रोखीने १०,००० रुपयांवर दिले की तो खर्च आयकरात उद्देशावरचा म्हणून धरला जात नाही. धावपट्टी सपाट करणारा जेसीबीवाला, मंडपवाला, घड्याळ आणि सेन्सरवाला, सगळ्यांना खात्यावर द्या. ते आजकाल स्वतःच मोबाइलवर मागतात. बक्षिसांवर कर कापायचा की नाही, यावर आमच्या सनदी लेखापालांतच दोन मतं आहेत, कारण बैलांची शर्यत त्या तरतुदीतल्या ‘खेळा’त बसते का हे शब्दार्थावर अवलंबून आहे. माझा हात सावध आहे. मोठ्या रकमेचं बक्षीस चेकने, जोडीमालकाचं पॅन घेऊन, त्याच्या सहीच्या पावतीवर. जोडी एकाची, धुरकरी दुसरा आणि फोटोत ढाल उचलणारा तिसराच, असं असतं. पैसा जोडीमालकालाच गेल्याचं कागदावर दिसू द्या.

जागेबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारणार. आपल्याकडे बऱ्याच देवस्थानांना निजामकाळातल्या खिदमतमाश (देवसेवेसाठी दिलेल्या) इनाम जमिनी आहेत आणि पट हमखास त्याच मोकळ्या रानात भरतो. जमीन दुसऱ्या देवस्थानाची असेल तर वापराचं भाडं त्याच्या हिशेबात दिसायला हवं. दोन्हीकडचे विश्वस्त एकच असतात, म्हणून कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. आणि ‘दर वर्षी कशाला, एकदाच लिहून घेऊ’ म्हणून लांब मुदतीचा भाडेपट्टा करू नका. शेतजमीन १० वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर कलम ३६ ची पूर्वमंजुरी लागते, आणि इनाम जमीन म्हटलं की महसूल खात्याच्या अटी त्यावर वेगळ्याच.

राहिलेल्या दोन वर्षांचं आता. घाबरून मागच्या तारखेची इतिवृत्तं आणि कोरी पावतीपुस्तकं भरायला बसू नका. एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेली दोन वर्षांची वही लेखापरीक्षकाला लांबूनच ओळखू येते. सुरुवात बँकेच्या उताऱ्यापासून करा, कारण तो बदलता येत नाही. त्यावरच्या प्रत्येक जमेला पावती आणि खात्यातून गेलेल्या प्रत्येक रकमेला व्हाउचर शोधा. ज्याला सापडत नाही त्याची वेगळी यादी करा आणि ती यादी लपवू नका. रोखीचा भाग स्मरणाने लिहावा लागेल, तर आज सभा घेऊन, आजच्या तारखेने, ‘अमुक वर्षाच्या रोख खर्चाचा तपशील उपलब्ध माहितीवरून असा’ असा ठराव करा. उशिराने दिलेला खरा हिशेब धर्मादाय कार्यालय घेतं, उशिराची कारणं अर्जात लिहावी लागतात आणि दंडाची शक्यता राहते. आयकराच्या बाजूला उशीर जास्त महाग पडू शकतो, सूट जाऊ शकते. तिथे विलंब माफीचा अर्ज तुमच्या प्रकरणात टिकेल का, हे कागद पाहिल्याशिवाय कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

क्रम असा लावा. आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा आणि त्यावरची नावं आजच्या कार्यकारिणीशी ताडून पाहा. फरक असेल तर बदल अर्ज आधी, कारण चुकीच्या विश्वस्तांच्या सहीने दाखल केलेला हिशेब पुन्हा करावा लागतो. मग जुन्या वर्षाचं लेखापरीक्षण, मग त्यापुढच्या वर्षाचं, कारण एकाची अखेरची शिल्लक ही दुसऱ्याची सुरुवातीची शिल्लक. चालू वर्षाच्या वह्या मात्र त्यासाठी थांबवून ठेवू नका.

आणि त्या लेव्ही बोर्डाच्या धर्तीवर एक पान स्वतःहून काढा. कायदा मागत नाही, मी सुचवतोय. किती जोड्या पळाल्या, पशुवैद्यकाने किती अडवल्या, जखमी झालं का आणि उपचाराला किती लागले, वर्गणी-फी-जाहिरात वेगवेगळी किती, बक्षिसं किती, गोवंशावर किती, शिल्लक कुठल्या बँकेत. ग्रामसभेत वाचून दाखवा, मंदिराच्या फलकावर लावा आणि त्याची प्रत पुढच्या परवानगी अर्जाला जोडा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: संस्थेची घटना, १२एबी आहे की नाही आणि शेवटच्या परवानगी आदेशावर कुणाचं नाव आहे. उत्तर त्यावर बदलेल.